डोकऱ्या पहाडावरून दिसलेला धूर

माझी मोठी जाऊ गोकुळा डोकऱ्या पहाडावर एकटी चढली, ती चांदा जिल्हा मुंबई राज्याला जोडला त्या सालात. मुंबई कुठे नि आम्ही कुठे! आमच्या तळ्यातल्या मासोळ्यांनाही ते कळलं नसेल.

तिचा नवरा, म्हणजे माझे भासरे केवळराम, महिनाभर तापात होते. वैद्याचा पाला झाला, दवाखान्याची सुई झाली. उरला पहाडाच्या टोकावरचा देव. त्याचा नेम कडक. बायकोनं एकटीनं, उपाशी, तोंडातून शब्द न काढता चढायचं, गावच्या तळ्याचं तुंबाभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतायचं आणि दिवस बुडायच्या आत घरी यायचं.

सकाळी तिनं भोपळ्याचा तुंबा उचलला तसे भासरे खाटेवरून म्हणाले, "दिवसभर बोलणार नाई म्हनते! आधी माहीत असतं तं मी कवाच बिमार पडलो असतो."

ती हसली नि निघाली.

त्याच दिवशी मला आणि सासूबाईंना जाळं रंगवायचं होतं. आम्ही ढिवर. ऐनाची साल उकळून त्यात सुताचं जाळं बुडवलं की ते लवकर कुजत नाही. चूल नेहमी मांडवामागे पेटायची, पण धुरानं भासऱ्यांना खोकला सुटे. मीच सासूबाईंना म्हटलं, "आत्या, आज हंडा पाळीवर नेऊ." तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोकळी जागा होती ती मसणवटीच्या अंगाला. लाकडं ओली निघाली.

गोकुळा दगडाला धरत, गुडघे सोलत चढत होती. दुपारी देव वीस-पंचवीस पावलांवर आला. दम घ्यायला ती मागे वळली. चैताचं रान उघडंबोडकं, गाव तळहातावर ठेवल्यासारखं. मसणवटीतून धूर निघत होता आणि धुरापाशी दोन माणसं हलत होती. गावात दुसरं कोणी बिमार नव्हतं.

तिनं तुंबा तिथंच पालथा केला. दगडावर मनगटं आपटून दोन्ही हातांतल्या बांगड्या फोडल्या.

दिवस बुडताना ती दारात आली, तेव्हा भासरे उठून बसून पेज पीत होते. त्यांची नजर तिच्या हातांवर गेली.

"बांगड्या कुठी गेल्या?"

"घसरली मी."

"दोन्ही हातांवर?"

त्यांनी वाटी खाली ठेवली, भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा पेज घेतली नाही.

कासार सोमवारच्या बाजाराला यायचा. मध्ये चार दिवस होते. मी माझ्या हातातल्या दोन काढायला लागले, तर सासूबाईंनी मनगट धरलं. "सवाशीननं हातातली काढून देऊ नये. माह्या दुसऱ्या पोराचं तरी पाह्य!" तो दुसरा पोरगा म्हणजे माझा नवरा. मी हात मागे घेतला.

भासरे रविवारी गेले. रीतीनं बायांनी गोकुळाचे हात धरले, पण फोडायला त्यात काही नव्हतं. गावानं म्हटलं, हिनं जित्या नवऱ्याला मारलं. जन्मभर म्हटलं. धुराचं माझ्या मनात आलं होतं, पण मी हंड्याचं कोणापाशी बोलले नाही.

आम्ही दोघी म्हाताऱ्या झाल्यावर एकदा तिनं मला पहाडावरचं सगळं सांगितलं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बाई, तो धूर माह्या हंड्याचा होता."

"रंगवलेलं जाळं दारातच वाळत होतं. मले त्याच सांजेला कळलं," ती म्हणाली. "माह्यावर तं आलंच होतं. तुह्यावर काऊन आनू?"