डच शब्द कुठं तोडायचा?

डच लोक शब्दाला शब्द जोडताना मध्ये जागा का सोडत नाहीत? भेटेल त्याला विचारलंय, उत्तर कुणीच दिलं नाही. पण त्या न सोडलेल्या जागेपायी आमच्याकडे इतके किस्से साठलेत की सांगायला बसलो तर चहा गार होईल!

साउथहॅम्प्टनच्या बंदराजवळ छोटा प्रेस आहे. हॉलंडला जाणाऱ्या मालाची लेबलं छापतो. मालक हेंक, डच माणूस. माझा थोरला भाऊ मनोहरदादा मजकूर जुळवायचा, मी मशीनवर. शब्द मालगाडीएवढा, लेबल बोटभर! मग शब्द तोडून उरलेला खालच्या ओळीत. दादा सांगायचा, "बाळू, सांध्यावर तोड. हाडावर नको."

दादा गेल्या महिन्यात गेला. विसरायच्या आत भराभर सांगतोय.

एकदा चेरी टोमॅटोची लेबलं आली. शब्द 'केर्स्टोमाट्येस'. 'केर्स' म्हणजे चेरी, तिथं तोडायचा. मला धीर कुठला! एक अक्षर पुढं, 'केर्स्ट'वर तोडला आणि बटण दाबलं. हेंक लेबल वाचून खुर्चीतच बसला. अर्थ झाला होता नाताळच्या आज्जीबाई!

दादानं शांतपणे विचारलं, "किलोवर विकायच्या की नगावर?"

मग मसाजचा पलंग. तो शब्द कॉम्प्युटरनं स्वतःच्या अकलेनं 'मासा'वर तोडला; डचमध्ये 'मासा' म्हणजे जमाव, उरलेला 'गेबेड' म्हणजे प्रार्थना. पलंगाची झाली सामुदायिक प्रार्थना! गिऱ्हाईक फोनवर तापलेलं. दादा म्हणाला, "दोन्हीकडे डोळेच मिटायचेत."

दादा हॉस्पिटलमध्ये असताना मी लेबलं तिकडे न्यायचो. एकदा बरणीतल्या छोट्या कांद्यांचं नेलं. एका जागी तोडलं तर कांदे, एक अक्षर पुढं तोडलं तर सहली! मी सहली करून ठेवल्या होत्या. म्हटलं, आता ओरडेल. त्यानं तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"राहू दे. इथं कंटाळा आलाय."

मग दादाच्याच पुष्पचक्राची रिबन. काय छापायचं ते हेंक हळू आवाजात विचारत होता, तोवर मी टाइप करूनही टाकलं: 'दादाबाळू'. इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. रिबन अरुंद, शब्द मावेना. हेंकनं स्क्रीनवर बोट ठेवलं.

"हा कुठं तोडायचा?"

"याला सांधा नाही," मी म्हटलं.

रीळ आडवं लावलं, रिबन लांब कापली आणि दादाच्या शवपेटीवर माझ्या हातानं बांधली.