येळवशीला थांबलेली मोटार

गंगाखेड ते राणीसावरगाव या सडकेवरची माणसं मुंजाजीला वासावरून ओळखायची. धोतर पांढरं असो की मळकं, अंगाला कोळशाच्या धुराचा वास पक्का. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, पेट्रोल दिसेनासं झालं आणि गंगाखेडच्या सरकी काढायच्या जिनाच्या सेठनं आपल्या कापसाच्या मोटारीच्या पाठीला एक लोखंडी टाकी बसवून घेतली. टाकीत कोळसा पेटवायचा, हातपंखा फिरवून फिरवून त्याचा ग्यास करायचा आणि त्या ग्यासवर मोटार हाकायची, असा तो कारभार. सकाळी मोटार सुरू होईपर्यंत ड्रायव्हरचे दोन्ही दंड भरून यायचे. चढ आला की ती रुसायची, उतारावर खोकायची आणि सपाटीवर उगीच ऐटीत चालायची. दोन ड्रायव्हर आले, दोघांनी तिला आईबहिणीवरून शिव्या घातल्या आणि गेले. मुंजाजी तेवढा टिकला. सेठला वाटलं, माणूस इमानी आहे. इमानी होताच, पण टिकण्याचं कारण निराळं होतं.

ते कारण म्हणजे राख. दहा-बारा मैल चाललं की टाकीच्या तळाला राख साचायची आणि मोटार घुसमटायची. मग थांबून, तळाचं झाकण उघडून ती झाडावी लागायची. हे सेठला मान्य होतं, मुनिमाला मान्य होतं, सरकारी सडकेवरच्या शिपायालाही मान्य होतं. मात्र राख कुठं झाडायची हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. गंगाखेडच्या अलीकडे चार मैलांवर, सडकेला लागूनच मुंजाजीचं रान होतं. आता यापुढचं ज्याचं त्यानं समजावं.

त्याआधीची तीन वर्षं मुंजाजीनं सेठच्याच चाकरीत कशी काढली ते त्यालाच ठाऊक. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कापसाचा हंगाम, आणि सगळे सण नेमके त्यातच. दिवाळी सडकेवर, संक्रांत सडकेवर. लेकीचं बारसं झालं तेव्हा हा राणीसावरगावात कापसाची पोती, बोंदऱ्या, मोजून घेत होता. लेक सुमन बोलायला लागली ती मुंजाजीच्या थोरल्या भावाला, भुजंगला, ‘बा’ म्हणत. भुजंगचा त्यात काही दोष नव्हता. बिचारा भावाच्या लेकराला कडेवर घेऊन फिरायचा, आणि ज्यानं कडेवर घेतलं तो बाप, एवढाच हिशेब लेकराला कळतो. पण मुंजाजीच्या काळजात ते रुतून बसलं. एकदा महिन्यानं घरी आला तर सुमन त्याच्याकडं बघून बायकोच्या पदरात शिरली आणि रडायला लागली. बायको तानुबाई हसून म्हणाली, “भेली पोर. तुमचं तोंड बगा की आरशात, तव्यावानी झालंय.” मुंजाजी हसला नाही.

म्हणून कोळशाची मोटार वाट्याला आली तेव्हा त्यानं तिला शिव्या घातल्या नाहीत. रोज सकाळी रिकामी मोटार घेऊन जाताना आणि दुपारी भरून आणताना तो रानापाशी थांबायचा. तानुबाई तुरीत नाहीतर ज्वारीत असायचीच. ती पोरीला घेऊन सडकेला यायची. पाव तास राख झाडायची, पाव तास भाकरी खायची. महिनाभरानं सुमन त्याच्या मांडीवर बसायला लागली, दोन महिन्यांनी त्याच्या मिशा ओढायला लागली. सडकेच्या कडेला चिंचेखाली मुंजाजीचा संसार असा अर्ध्या-अर्ध्या तासानं चालला होता आणि चांगला चालला होता.

चांगलं चाललेलं लोकांना बघवत नाही. नव्या हंगामाला कुणीतरी सेठच्या कानावर घातलं, आणि सेठनं माणिकराव मुनिमाला मोटारीत ड्रायव्हरशेजारी बसवलं. माणिकराव म्हणजे कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ आणि कपाळाला कायमची आठी. दुसऱ्याचा वेळ वाया गेला तरी त्याच्या पोटात दुखायचं. त्यानं हुकूम काढला. राख झाडायची ती निघताना राणीसावरगावात, आणि मध्ये ठरलेल्या एका ओढ्यापाशी. तिसऱ्या जागी चाक थांबलं तर त्याच दिवशी चावी काढून घेण्यात येईल. मुंजाजी रानावरून जाताना भोंगा वाजवायचा. तानुबाई तुरीतून हात वर करायची. सुमननं हात वर करेपर्यंत मोटार निघून जायची.

अशात येळवस आली. मार्गशीर्षातली वेळा अमावस्या, त्या भागातला रानाचा सण. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप करून आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, आंबील, शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर असा निवद दाखवतात, आणि घरचा कर्ता पुरुष आंबिलीचं मडकं घेऊन रानाभोवती शिंपडत फिरतो. भावाभावांच्या वाटण्या त्याच उन्हाळ्यात झाल्या होत्या. मुंजाजीचं रान पहिल्यांदाच त्याच्या एकट्याचं होतं.

भुजंग सरळ मनानं म्हणाला, “तुला रुखसत मिळायची न्हाई. मी माझ्या रानाला फिरलो की तुझ्या बी रानाला फिरतो. काय फरक पडतो?”

“लय फरक पडतो, दादा,” मुंजाजी म्हणाला. “लेकीनं तुला बा म्हणलं, ते म्या गिळलं. आता रान बी तुलाच बा म्हणायला लागलं तर मी कुठला ऱ्हायलो?”

भुजंगला वाईट वाटलं असावं, पण ते बोलून दाखवणाऱ्यांतला तो नव्हता.

आदल्या दिवशी मुंजाजीनं सेठकडं एका दिवसाची रुखसत, सुट्टी, मागितली. सेठनं मान वर न करता सांगितलं, “हंगामात रुखसत नाही. सण दरसाल येतो.” मुंजाजीच्या मनात आलं, हंगामही दरसालच येतो की. पण तो बोलला नाही. बोलायची जागा त्यानं दुसरी ठरवली होती.

येळवशीच्या दिवशी भरलेली मोटार राणीसावरगावातून निघाली. माणिकराव महाबिलंदर. त्यानं निघताना राख झाडून घेतली, ओढ्यापाशी पुन्हा झाडून घेतली, टाकीत वाकून स्वतः बघितलं आणि वर बसता बसता म्हणाला, “आता गंगाखेडपर्यंत काही कारण उरलं नाही.” खरंच उरलं नव्हतं. एरवी सतरा ठिकाणी रुसणारी ती मोटार त्या दिवशी लग्नाच्या घोडीसारखी चालत होती. सडकेच्या दोन्ही बाजूंना कोपी उभ्या होत्या, माणसं पंगतीला बसली होती, आणि मुंजाजीचं रान जवळ येत चाललं होतं. तो मोटारीचं कान देऊन ऐकत होता. एखादा खोकला, एखादी घुसमट. काहीच नाही.

चिंचेपाशी त्यानं ब्रेक दाबला.

“काय बिघडलं?” माणिकराव म्हणाला.

“कायबी बिघडलं न्हाई.”

“मग थांबलास कशाला?”

“येळवस हाय. मला रानाला फिरायचंय.”

माणिकरावाला आधी ते कळलंच नाही. ड्रायव्हर खोटं बोलतो हे त्याला ठाऊक होतं, खोटं कसं पकडायचं हेही ठाऊक होतं. खरं बोलणाऱ्या ड्रायव्हरचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं खिशातून घड्याळ काढलं, बघितलं, परत ठेवलं. मग त्याचा आवाज चढला. “मुंजाजी, उतरलास तर तू नोकरीवरून गेलास. सेठच्या वतीनं सांगतो.”

“गेलो?”

“गेलास.”

“बरं झालं,” मुंजाजी उतरत म्हणाला. “आता मी कुणाचा चाकर न्हाई. मग घाई बी न्हाई.”

आणि खरंच त्यानं घाई केली नाही. विहिरीवर जाऊन हातपाय धुतले, तोंडावरची काजळी खसाखसा घासली. तानुबाईनं रानाला फिरायला निघालेल्या भुजंगच्या हातातलं मडकं काढून नवऱ्याच्या हातात दिलं. भुजंग बाजूला झाला, आणि सुमनला उचलून त्यानं मुंजाजीच्या खांद्यावर बसवलं. मुंजाजी रानाच्या चारी बांधांनी फिरला, पळीनं आंबील शिंपडत, ठरलेली आरोळी देत. आरोळी अशी की सडकेवर उभ्या मोटारीतसुद्धा ऐकू जावी. सुमन त्याचे केस धरून वरून तसंच ओरडत होती.

येळवशीला रानावरून जाणारा माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही, अशी रीत. तानुबाईनं ताट वाढून मोटारीकडं नेलं. माणिकराव म्हणाला, मला नको. तानुबाई म्हणाली, “तुमचं भांडण ह्यांच्याशी हाय. माझ्या भज्जीनं काय केलंय?” माणिकरावानं ताट घेतलं. आठी न सोडता त्यानं तीन उंडे आणि दोन वाट्या आंबील संपवली.

एव्हाना टाकीतली धग विझून गेली होती. आता ती मोटार पेटवणार कोण? माणिकरावानं उतरून पंखा फिरवून बघितला. पंचवीस फेऱ्यांत त्याला धाप लागली. कापूस उघड्यावर, मोटार सडकेवर, आणि गंगाखेड चार मैल. शेवटी तो रानात आला आणि मान दुसरीकडे करून म्हणाला, “मोटार तेवढी पोचवून दे.”

“देतो की. कापसानं माझं काय वाकडं केलंय?” मुंजाजी म्हणाला. “पर आज सण हाय. सणाच्या दिवशी बायकू-लेकराला सोडून मी कुठं जात न्हाई. त्या दोघी माझ्याजवळ बसतील. जागा तेवढीच हाय.”

अशा रीतीनं त्या दिवशी गंगाखेडच्या लोकांनी एक गंमत बघितली. मोटारीत ड्रायव्हरशेजारी तानुबाई डोक्यावरून पदर घेऊन ताठ बसलेली, मांडीवर सुमन, आणि वर कापसाच्या बोंदऱ्यांवर दोन्ही हातांनी दोर धरून माणिकराव मुनीम.

जिनाच्या दारात सेठ उभाच होता. माणिकरावानं अंगावरचा कापूस झटकत सगळं सांगितलं. सेठनं ऐकून घेतलं. सेठ काही मूर्ख नव्हता. ही मोटार उद्या कोण हाकणार, हे माणिकरावापेक्षा त्याला जास्त कळत होतं. तो मुंजाजीजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “राख भरली असेल टाकीत. म्हणून थांबावं लागलं. असंच ना?”

दारातले हमाल कान देऊन उभे राहिले. एक मान हलवली की झालं असतं. नोकरी राहिली असती, मुनिमाचं नाक राहिलं असतं, सेठचा हुकूमही राहिला असता. मुंजाजीनं मागचा अख्खा हंगाम त्या राखेच्या आडून लेकीला मांडीवर घेतलं होतं, आणखी एक दिवस घ्यायला काय हरकत होती? त्यानं मोटारीजवळ उभ्या तानुबाईकडं बघितलं. ती काही खुणावत नव्हती. सुमनला कडेवर घेऊन नुसती बघत होती, आता हा काय बोलतो म्हणून.

“न्हाई सेठ,” मुंजाजी म्हणाला. “राख न्हाई भरली. मोटार लय चांगली चालायली व्हती. मीच थांबवली. पुढच्या येळवशीला बी थांबवीन.”

चावी त्यानं सेठच्या हातात दिली नाही, मोटारीच्या पुढच्या फळीवर ठेवली. मग सुमनला बायकोच्या कडेवरून घेतलं आणि तिघं रानाच्या वाटेला लागली. सेठनं मागून हाक मारली, “मुंजाजी, उद्या सकाळी...”

“उद्याचं उद्या बगू, सेठ,” मुंजाजी मागं न बघता म्हणाला. “आज रुखसत हाय.”