टॉवेलची जागा

आमच्या जुन्नरकडे रेल्वे नाही, त्यामुळे चुलत्यांना रीत ठाऊक ती एसटीची. घाटाखालच्या त्या बारक्या स्टेशनावर मेली पॅसेंजर नेहमीसारखी उशिरा आली, तोवर फलाटावर मुंगीला जागा नव्हती. चुलत्यांनी ओतूरच्या स्टँडवर टाकतात तसा खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली. मी कशीबशी चढले नि दारातच अडकले. ते खालीच राहिले.

डब्यात माणसं एका पायावर उभी, पण टॉवेलवर कुणी बसेना. "येत आसंल कुणीतरी," एक बाई म्हणाली.

चुलते मागच्या गाडीनं आले. लई हसले.

यंदा ते वारले. परवा ओतूरच्या गच्च एसटीत खिडकीशी तसाच टॉवेल दिसला. आळेफाटा आला तरी तिथं कुणी आलं नाही. मीही बसले नाही.