नवमीचे निवडलेले कांदे

कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं, हे कुणी नव्याने सांगायला नको. शालूबाई मात्र कांदा न चिरताच ढसाढसा रडली होती, तीही सासरच्या पहिल्याच वर्षी. पुढे नातवंडं झाली तरी ही गोष्ट ती स्वतःच सांगायची आणि सांगताना पदर तोंडाला लावून हसायची. 'माह्या येडेपणावर सारं गाव कांदा खाऊन राह्यलं,' असं वर म्हणायची.

तिचा नवरा गोवर्धन माळी. बडनेऱ्यापासून कोसभर अंतरावर त्याचा लहानसा मळा होता. साल एकोणीसशे बावीस. तेव्हा वऱ्हाडात शेत म्हणजे कपाशी, बाकी सगळं पोटापुरतं. कपाशीवाला मिशीला पीळ द्यायचा आणि माळ्याला पालापाचोळा विकणारा म्हणायचा. कांदा तर विहिरीजवळच्या एखाद्या वाफ्यात, भाकरीपुरता आणि थोडा गिऱ्हाइकांपुरता. पटवारी पिकं लिहायला आला की कपाशी, ज्वारी, तूर नीट मांडायचा आणि मळ्याकडे नुसती मान वळवून 'इतर भाजीपाला' लिहून मोकळा व्हायचा. शालूच्या सासूचा, मैनाबाईचा कांदा त्या 'इतर'मध्ये होता.

तो कांदा पांढराशुभ्र, चपटा, चवीला गोडसर. मैनाबाईच्या आईने तिला लग्नात बी बांधून दिलं होतं. आता कांद्याचं बी मोठं नखऱ्याचं. ज्वारीसारखं दोन-तीन वर्षं पडून राहणार नाही. साल उलटलं की रुसलंच. म्हणून चैत्रात निघालेल्या कांद्यांतले उत्तम तेवढे बाजूला ठेवायचे आणि कार्तिकात पुन्हा मातीत लावायचे. मग त्यांना दांडा फुटतो, वर पांढरा गोंडा येतो, आणि गोंड्यात काळं बी भरतं. थोडक्यात, वंश चालवायचा तर सगळ्यांत चांगला कांदा खायचा नाही. मळ्यात वाढलेल्या पोरीला हे सांगावं लागत नाही. शालूचं माहेर होतं कोरडवाहू. तिकडे कांदा बाजारातून यायचा आणि सरळ कालवणात जायचा.

त्या वर्षी फाल्गुनात गारा पडल्या. बियाचे गोंडे पार झोडपून निघाले, चिमूटभरही बी हाती आलं नाही. जमिनीतले कांदे तेवढे वाचले. मैनाबाईने त्यांतले साठ कांदे एकेक हातात फिरवून निवडले, टोपलीत घालून ओसरीच्या आढ्याला टांगले. 'आता हेच माह्या मायचं बी,' असं ती गोवर्धनला म्हणाली. शालू तेव्हा विहिरीवर होती.

आषाढ लागला आणि मैनाबाई अकोल्याला लेकीच्या, शकुनच्या, बाळंतपणाला निघाली. जाताना बैलांच्या दमणीत बसता बसता सुनेला म्हणाली, "नवमीले अमरावतीच्या आंबागेटात वकिलाच्या घरी कांदे पोचवजो. निवडून देजो बरं, मोठं घर हाय."

नवमी म्हणजे कांदेनवमी. एकादशीपासून चार महिने बामणाघरी कांदा-लसूण बंद, तेव्हा नवमीला भजी, थालीपीठ, झुणका असा जन्माचं उट्टं काढल्यासारखा कांदा खाऊन घ्यायचा. शालू कांद्याच्या ढिगाशी निवडायला बसली. बसल्या बसल्या वर पाहिलं, तर सासूने आधीच निवडलेली टोपली! निवडलेलं पुन्हा काय निवडायचं? सासूच्या हुशारीचं कौतुक करत तिने टोपली उतरवली, डोक्यावर घेतली आणि अमरावतीची वाट धरली. चिंतामणराव वकिलांच्या बायकोने, अनसूयाबाईंनी, कांदे पाहून तिला शाबासकी दिली. शालू दिवसभर गुणगुणत होती.

श्रावणात मैनाबाई परतली. पाय धुतले, पाणी प्याली, वर पाहिलं.

"इथलं टोपलं कुठी गेलं व?"

"वकिलाच्या घरी देल्लं ना, आत्याबाई. तुमीच म्हन्लं होतं, निवडलेले देजो."

"निवडून देजो म्हन्लं होतं मी," मैनाबाई म्हणाली आणि मटकन खाली बसली.

ते बियाचे कांदे होते, हे गोवर्धनने शालूला सांगितलं. सासू आता केस धरील, माहेरी धाडील, असं तिला वाटलं. रडून रडून तिचा चेहरा सुजला. मैनाबाईने तिला जवळ ओढलं. "उगी राय. चूक माही हाय. साऱ्या गावाले सांगलं, तुलेच सांगाचं राह्यलं," एवढंच ती बोलली. बोलणी खाल्ली असती तर शालूला सोपं गेलं असतं. ढिगातले कांदे तोवर विकून-खाऊन संपले होते, म्हणून गोवर्धनने बाजारातून लाल कांद्याचं बी आणलं. मैनाबाईने ते फडताळात ठेवलं, पण त्या दिवसापासून ती भाकरीबरोबर कांदा घेईना.

दिवाळी झाली. कांदे लावायचे दिवस आले तशी शालूला घरात राहवेना. चार महिन्यांपूर्वीचे कांदे, नवमीलाच फस्त झाले असणार, हे तिला कळत होतं. तरी कुठे एखादा सांदीकोपऱ्यात घरंगळला असेल! एका सकाळी ती कुणाला न सांगता आंबागेटात गेली आणि वकिलांच्या मागल्या दारी उभी राहिली. तिने सगळं खरं सांगितलं, आणि सांगताना पुन्हा रडली.

अनसूयाबाई हसू लागल्या.

"अगं वेडे, त्या नवमीला हे अकोल्याच्या कोर्टात अडकले. पाहुण्यांनाही नको म्हणून कळवलं. घरात आम्ही दोन बायका आणि माझा एवढासा रविकांत, किती खाणार? बारा-तेरा चिरले. दुसऱ्या दिवसापासून कांद्याला हात लावायचा नाही. कामवालीला देणार होते, पण इतके देखणे कांदे देववेनात मला. म्हटलं, चंपाषष्ठीच्या भरिताला होतील."

गोठ्यात, गाईच्या डोक्यावर, टोपली जशीच्या तशी टांगलेली होती. काही कांद्यांना हिरवे कोंब आले होते. सत्तेचाळीस कांदे! एकही सडला नव्हता.

"आन् तुमचं भरीत, वयनीबाई?"

"यंदा बिनकांद्याचं. घेऊन जा आधी."

शालूने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मळ्यापर्यंत ती जवळजवळ पळतच आली. मैनाबाई वाफ्याशी होती. टोपलीत हात घालून तिने एक कांदा उचलला, गालाला लावला. "भलं होवो व त्या माउलीचं," म्हणाली आणि तिथेच मातीत बसून लेकरासारखी रडली. रात्री तिने बुक्कीने कांदा फोडून भाकरी खाल्ली. कांदा शेजारणीकडचा होता, ते सोडा.

तेव्हापासून मळ्यात नियमच झाला. नवमीला वकिलांकडे दोन टोपल्या जायच्या: एक खायची, एक राखायची. ओसरीवरचे कांदे दोनदा सडले, आणि दोन्ही वेळा गोठ्यातल्या टोपलीने लाज राखली. पुढे कापसाचा भाव कोसळला, तशी मिश्यांचे पीळ सैल झाले आणि विहीर असलेला जो तो शालूकडे बी मागायला येऊ लागला. शालूने बी कधी विकलं नाही. 'मले फुकट भेटलं, तुमी बी फुकट न्या, फक्त दुसऱ्याले द्या,' म्हणायची. वाफ्याचं वावर झालं, वावरांची रांग झाली. लढाईच्या सालात तर बडनेऱ्याच्या स्टेशनावर पांढऱ्या कांद्याच्या गोण्या मालगाडीच्या वाघिणीत चढू लागल्या. नव्या पटवाऱ्याने पिकांच्या कागदावर 'कांदा' असा वेगळा शब्द लिहिला. शालूने तो त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला. मैनाबाई ऐकायला असती तर किती बरं झालं असतं, असं तिला फार वाटलं.

त्याच वर्षी चिंतामणराव वारले. विधवा बामणीला कांदा जन्माचा वर्ज्य. नवमी आली, पण त्या घरी कांदा कोणत्या तोंडाने न्यायचा? शालू मेथीची जुडी घेऊन गेली आणि अंग चोरून उभी राहिली.

"टोपली कुठे आहे?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"वयनीबाई, आता तुमच्या घरी..."

"आधी चार महिने शिवत नव्हते, आता बारा महिने शिवणार नाही. माझ्याइतकी पक्की राखण तुला कुठे मिळणार गं? आण जा."

शालू आल्या पावली परतली आणि दिवस मावळायच्या आत टोपली गोठ्यात टांगून आली.

पुढच्या वैशाखात नवं बी निघालं तेव्हा ती पदरात बांधून घेऊन गेली. "हे बी हाय, वयनीबाई. कांदा व्हायले लय दिवस हाय अजून. हातात घ्याले तं हरकत नाई ना?"

अनसूयाबाईंनी ओंजळ पुढे केली. काळं बी त्यांनी नाकाशी नेलं, डोळे मिटून वास घेतला. "कसलाच वास नाही गं," त्या म्हणाल्या.

शालूने ते बी त्यांच्या ओंजळीतून आपल्या पदरात परत घेतलं आणि वेगळी गाठ मारली. कार्तिकात पहिला वाफा तिने त्या गाठीतल्या बियाने पेरला, आणि जगली तोवर दर वर्षी तसाच पेरला.