‘डॅम’चा अर्थ शोधण्यात गेलेले महिने

“बिचारा आपल्याला पाण्याखाली बसवून जेवू घालतोय,” तरुण साहेब इंग्रजीत म्हणाला.

दुसऱ्याने माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. “बारा-पंधरा फूट तरी येईल. छपराच्याही वर.”

मी स्वयंपाकघराच्या दारात भाताचं पातेलं धरून उभी होते. दोघे मोजणीचे साहेब होते, नदीवर होणाऱ्या धरणासाठी आलेले. बाबांनीच आग्रह करून त्यांना घरी जेवायला आणलं होतं. खाली मान घालून वाढणाऱ्या मुलीला इंग्रजी कळत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

“काय म्हणते साहेब?” बाबांनी विचारलं.

“मछली बढ़िया है,” तरुण साहेब हसून म्हणाला.

बाबा खूश झाले. “मंग घ्या ना आणखी! आमच्या बोडीची होय. माय, वाढ वं साहेबाले.”

मी वाढलं. रस्सा थेंबभरही सांडला नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

दिवाळीची सुटी होती. तिसरीपासून मी नागपूरला, इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहायचे. सुटीत गावी आले की माझी मराठी पुस्तकातल्यासारखी निघे आणि बायका तोंडाला पदर लावून हसत. काकू म्हणायची, “इंग्रजी शिकली, पन जीभ शाळेतच ठेवून आली का वं?” मग मी आणखी कमी बोले. बोलायचं नसलं की माणसाला पुष्कळ ऐकू येतं.

बाबा गावाचे पाणकर होते. गावच्या बोडीचं, म्हणजे आमच्या लहान तळ्याचं पाणी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी सोडायचं हे पाणकर ठरवतो, आणि त्याच्या शब्दावर कुणी शब्द चालवत नाही. नियम एकच होता. उन्हाळ्यात बोडीच्या पाळीवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या बांधावर, माती टाकायला प्रत्येक घरातलं माणूस आलं पाहिजे. ज्याची माती पाळीला लागली, त्याचा पाण्यावर हक्क. ज्याच्या घरून कुणी आलं नाही, त्याने शेवटी उरलेलं घ्यावं. भांडण झालं की बाबा एवढंच विचारत, “माती टाकली होती का रे?” आणि भांडण तिथेच मिटे.

म्हणून मोजणीवाले दगड रोवायला आले तेव्हा बाबा आपणहून माणसं घेऊन गेले. खड्डे खणून दिले. पहिल्या दगडाच्या बुडाशी पहिलं टोपलं स्वतः ओतलं. संध्याकाळी हात न धुताच आईला सांगत होते, “आपली माती लागली. आता पानी आपलं.” त्यांना कुणी फसवलं नव्हतं. हे पाणी कुणाचं, असं त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं. माती टाकणाऱ्याचं पाणी, यात विचारायचं काय?

ओसरीवर काका म्हणत, “धरन म्हंजे काय, मोठी बोडीच तं होय.”

“मंग पाणकर मीच का?” बाबा हसून विचारत.

“तूच ना! सरकारले माती देनारा दुसरा कोन आहे? अन् फुटलंच तं खालच्या गावाचं जाईन. आपुन तं वरते आहो.”

बोडीपुरतं हे खरंच होतं. पाळ फुटली की मरण खालच्याचं. वरच्याने खुशाल झोपावं. पाळीच्या वर, पाणी साठतं त्या भागाला आम्ही पोट म्हणतो. बोडीचं पोट केवढं, तर पाळीवर उभं राहून हाक मारली की पलीकडे ऐकू जाईल एवढं. त्यात कुणी घर बांधत नाही. एखाद्या पाळीचं पोट चार-चार गावं ओलांडून आपल्या चुलीपर्यंत येईल, असं तिथे कुणी पाहिलं नव्हतं. मोजणीवाल्यांनी रोवलेले दगड धरणाच्या त्या पोटाची कड होते, आणि आमचं घर दगडांच्या आत होतं.

सुटी संपली. काही न बोलता मी नागपूरला परत गेले.

स्वतःला मी कारणं दिली. मी नीट ऐकलं नसेल. साहेब थट्टा करत असेल. पत्र लिहावं, तर पोस्टकार्ड गावच्या शाळेचे मास्तर चावडीत मोठ्याने वाचणार. म्हणून मी तिसराच रस्ता धरला. वसतिगृहाच्या ग्रंथालयात गेले आणि जाडजूड इंग्रजी कोशात ‘डॅम’ हा शब्द काढला. त्या शब्दात कुठेतरी आमच्या गावासाठी वाट सापडेल, असं मला का वाटलं, सांगता येत नाही. वर्गातही मी हेच करायची. बाईंनी प्रश्न विचारला की उत्तर यायचं, पण हात वर करण्याऐवजी पुस्तकाचं पान उलटायची.

ग्रंथालय सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टर हॉलंडच्या होत्या. उघडलेलं पान पाहून त्या खुर्ची ओढून बसल्या. तो शब्द त्यांच्या घरचा निघाला. त्यांच्याकडेही ‘डाम’च. समुद्राच्या पातळीखालचा तो देश. नदीला बांध घातला, बांधावर बाजार भरला, बाजाराचं शहर झालं आणि शहराच्या नावात बांध राहिला. अशी कितीतरी शहरं त्यांनी बोटांवर मोजून दाखवली. जर्मन लोक त्याच शब्दाने मातीचा भराव सांगतात, भरावावरचा रस्ताही सांगतात. डेन्मार्कमध्ये तोच शब्द अडलेल्या पाण्याचा, डबक्याचा, तळ्याचा झाला. एकाच घरातल्या भावांनी वाटणी करावी, कुणी माती घ्यावी, कुणी पाणी, तसं.

“आणि बुडालेल्या गावाला काय म्हणतात?” मी विचारलं. सिस्टरना तो अभ्यासातलाच प्रश्न वाटला. त्यांनी कोशाची दोन पानं उलटून पाहिली. म्हणाल्या, त्याला या शब्दाच्या घरात वेगळं नाव नाही.

सर्वांत जुना धागा त्यांनी दुसऱ्या एका पुस्तकात दाखवला. गॉथिक नावाची भाषा, आता कुणी बोलत नाही. तिच्यात या शब्दाचं क्रियापद टिकून आहे: अडवणं, बुजवणं. ते आलंय धर्मग्रंथाच्या भाषांतरात, आणि तिथे पाणी नाहीच. एक माणूस ठासून सांगतो की माझं हे बोलणं कुणी अडवू शकणार नाही. त्याच्या मागे, हा शब्द मुळात कुठून निघाला, ते नक्की कुणाला माहीत नाही, असं सिस्टर म्हणाल्या.

मी ते सगळं वहीत सुंदर अक्षरात उतरवलं. पानाच्या कडेला रेघ मारली. एवढी माहिती जमवली की काहीतरी केल्यासारखं वाटतं. त्या आठवड्यात मी चांगली झोपले, आणि पुढच्या आठवड्यात लक्षात आलं की बाबांना यातलं एक अक्षरही उपयोगाचं नाही. त्यांना हवं होतं ते वाक्य मला पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

उन्हाळ्यात घरी आले तेव्हा पाळीचं काम चालू होतं. त्या वर्षी आमच्या घरचं माणूस म्हणून मीही गेले. सकाळच्या उन्हात बायका रांगेने टोपली पुढे करत होत्या आणि बाबा पाळीवर उभे राहून ओरडत होते, “कोपऱ्यात दाबा! यंदा पाळ हातभर उचलू!” मी टोपलं घेत होते, पुढे देत होते. ज्या पाळीवर आम्ही माती टाकत होतो ती पाळच पाण्याखाली जाणार होती, आणि ते माहीत असलेली मी एकटी तिथे होते. घरी आले की चूल, धानाची कोठी, दाराची कडी, सगळं मला तळाशी पडल्यासारखं दिसे. आई म्हणाली, “काहून वं, जेवत काहून नाही?” मी म्हटलं, ऊन लागलं.

रोज ठरवायची. रोज बाबा समोर येत आणि मी पाण्याचा तांब्या पुढे करून आत जायची.

मृगाच्या तोंडावर तालुक्याहून कारकून आला. पुढच्या कामाला गावाची हरकत नाही, असा कागद होता. सभा पाळीवर, मोहाच्या झाडाखाली भरली; गावच्या सगळ्या सभा तिथेच भरत. पुरुष बसलेले, बायका मागे उभ्या. एकदा अंगठे लागले की मग जमीन कुठे देणार, घर कुठे देणार, हे विचारायला गेलं तर साहेब हाच कागद पुढे करणार, एवढं मला कळत होतं. अंगठे नाही लावले म्हणून धरण थांबणार नव्हतं, हेही कळत होतं. पण गावाने होकार दिला, आणि तो पाणकराच्या तोंडाने दिला, असं तरी झालं नसतं.

बाबांना सही येत होती. तरी गावाच्या कागदावर ते अंगठाच लावायचे, कुणाला कमीपणा वाटू नये म्हणून. कारकुनाने शाईची डबी उघडली. बाबांनी अंगठा शाईत टेकवला, काळा झालेला अंगठा वर धरला आणि मागे वळून पाहिलं.

“माय, कागदासंगं नकाशा आहे इंग्रजीतला. वाच बरं. गावाले कळू दे, पानी कुठून येते आपल्याकडे.”

काकू बाजूच्या बाईला म्हणाली, “वाचते कायची! मुकी होय ते.” दोघी-तिघी हसल्या.

मी पुढे गेले. नकाशावर निळी रेघ होती. तिच्या आत, बरंच आत, बारीक इंग्रजी अक्षरांत आमच्या गावाचं नाव होतं. बाबांचा अंगठा कागदापासून वीतभर अंतरावर होता. शाई वाळायच्या आत लावावा म्हणून कारकून घाई करत होता. मला वाचायचं होतं ते वाचता येईना. डोळ्यांसमोर सगळं निळंच झालं. मी बाबांचं मनगट धरलं. एवढ्या पुरुषांसमोर मी कधी बापाचा हात धरला नव्हता.

“काय झालं वं?” ते हळूच म्हणाले.

तेव्हा मी बोलले. वहीतलं नाही, शाळेतलं नाही. घरात बोलतात तसं, आणि एवढ्या मोठ्याने की मागच्या बायकांपर्यंत गेलं:

“अंगठा नका लावू, बाबा. आपुन वरते नाही, आपुन पोटात आहो. सारं गाव डुबते. साहेब आपल्याच घरी जेवता जेवता बोलले होते, अन् मले समजलं होतं. सात महिने झाले, मले मालूम आहे.”