अवधूतने बसवलेले दात

माझी बहीण सुमेधा फार शांत आहे, असं लोक म्हणतात. शांत कसली, डूख धरणारी आहे. मीही तिचीच बहीण. दादरच्या तिच्या दातांच्या दवाखान्यात मी बाहेरच्या टेबलावर बसते आणि तिच्या नवऱ्याचं वाईट झालं की मला छान झोप लागते.

लग्नानंतर तिने आणि अवधूतने लालबागला मिळून दवाखाना काढला होता. दोघंही दातांचे डॉक्टर. पुढे झिरकोनियाच्या कॅप आल्या, म्हणजे अगदी दातासारख्या पांढऱ्या, शरीराला न बाधणाऱ्या सिरॅमिकच्या. कॅप पेशंटच्या तोंडात बसवून बघायची, नळाखाली धुवायची, जुन्या सवयीने निळा अ‍ॅसिडचा जेल लावून साफ करायची, हे सगळं अवधूत करायचा. शेवटी सिमेंटने चिकटवणं तेवढं सुमेधाकडे. कॅप निघायला लागल्या तेव्हा भरल्या दवाखान्यात तो म्हणाला, "मॅडमचं काम कच्चं आहे, मी देतो बसवून." नवराच असं म्हणतोय म्हटल्यावर कोण खोटं मानणार? लालबागभर तिची बदनामी झाली. पाटीवरून तिचं नाव गेलं, ती माहेरी आली आणि तिने दादरला स्वतःचा दवाखाना काढला.

नंतर परळला एका व्याख्यानात तिला खरं कारण कळलं. कॅप तोंडात गेली रे गेली की लाळेतली प्रथिनं आणि फॉस्फेट तिच्या आतल्या बाजूला चिकटतात. सभेला खुर्च्यांवर रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी. सिमेंट येतं तेव्हा त्याला बसायला जागाच नसते. पाण्याने हे रुमाल हलत नाहीत. आणि तो निळा जेल जुन्या पोर्सिलेनला ठीक, पण त्यातही फॉस्फेटच. झिरकोनियावर तो उरल्यासुरल्या खुर्च्याही अडवतो. म्हणजे कच्चं काम अवधूतचं होतं, पहिल्या दिवसापासून.

"त्याला फोन करून सांगायला हवं," सुमेधा म्हणाली.

"खबरदार," मी म्हटलं. "आधी त्याला चारचौघांत शब्द मागे घेऊ दे."

"आणि कुणी निघालेली कॅप झोपेत गिळली तर?"

मी तिचा फोन उचलून माझ्या टेबलाच्या खणात टाकला. तिने फोन केला नाही. त्याचे पेशंट रुमालात कॅप गुंडाळून आमच्याकडे यायला लागले. ती हवेच्या जोराने बारीक पुडीचा फवारा मारून कॅपच्या आतले ते रुमाल खरवडून काढायची आणि पक्की बसवून द्यायची. पण कच्चं काम सुमेधाचं, हे लालबागच्या तोंडी तसंच राहिलं.

मग एका सकाळी तिची सासू आली, मालनबाई. हातात कॅप, चेहरा ओशाळलेला.

"दोनदा पडली गो," त्या म्हणाल्या. "तो माका म्हणालो, आये, तू चकली खातंस म्हणून पडता. दिवाळीपासून चकलीक हात लावूक नाय मी."

सुमेधाने कॅप साफ केली, बसवली आणि मग सगळं सांगितलं. लाळ, जेल, सगळं. ऐकता ऐकता मालनबाईंचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे आधी तुझो हात वायट, मगे माझी चकली?"

"मी सांगते त्याला, आई. आजच फोन करते."

"तू गप रव." त्या खुर्चीतून उतरल्या आणि माझा दंड धरला. "चल गो माझ्यावांगडा."

त्यांनी टॅक्सी थेट लालबागला घ्यायला लावली. दवाखान्यात बाकं भरलेली होती. अवधूत ग्लोव्हज घालून दारात आला आणि आईला बघून हसला. मालनबाई मधोमध उभ्या राहिल्या.

"मी ह्येची आवस. ह्येणा बसयलेली कॅप दोनदा पडली. सुनेन बसयली. चूक ह्येची होती, नाव तिचा खराब केल्यान. आता सगळ्यांनी दादराक जावा."

कुणीतरी पिशवी उचलली. मग बाकावरच्या दोन बायका उठल्या. अवधूतचं हसू तिथेच राहिलं, नुसते दात दिसत होते. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"आये, बाहेर चल. काय करून पक्की बसवली तिने नक्की? सांग तरी," तो हळू आवाजात म्हणाला.

"माका म्हायत हा," मालनबाई म्हणाल्या. "पण मी नाय सांगूचंय. तिच्या दवाखान्यात जा, चपला भायर काढ, नंबर लाव, आणि सगळ्यांसमोर तिका इचार."