यादीतली सलमा

धारूरच्या आमच्या दवाखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणारे चाचा सकाळी आधी सर्व्हरची यादी उघडायचे. जोडला जाताना प्रत्येक कॉम्प्युटर आपलं जे नाव सांगतो, ते तिथं दिसतं. केसपेपर, औषधं, लॅब. चाचांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचं नाव होतं सलमा. ती ओळ दिसली की ते हळूच म्हणायचे, "आली बगा."

सलमा त्यांची लेक. ती वारल्याचं मला लई उशिरा कळलं.

न राहवून एकदा विचारलं, "चाचा, सर्व्हरला चालतं हे?"

"त्यो खरंखोटं इचारत न्हाई. आपण सांगू ते नाव लिहून घेतो."

चाचा निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर आलेल्या नव्या माणसानं विचारलं, "ही सलमा कोण? काढू का नाव?"

म्हटलं, "राहू दे. रोज वेळेवर येते ती."